साठ टक्क्यांची खिडकी

क्लेमंट हॅडली दिवसाला चाळीस मोटारींच्या दारांत काचा बसवत असे, आणि त्याची बायको विनिफ्रेड दर रविवारी बिनखिडकीच्या पत्र्याच्या डब्यात, स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीवर बसून हवा खायला जात असे. कॉव्हेंट्रीत तेव्हा या गोष्टीचं कुणाला हसू येत नव्हतं, कारण अर्ध्या गल्लीची हीच तऱ्हा होती. सगळं शहर मोटारी बनवायचं, आणि त्यांत बसायचे ते दुसरेच कुणीतरी, बहुतेक सातासमुद्रापलीकडचे.

विनिफ्रेड त्याच कारखान्याच्या शिवणखात्यात होती. मोटारींच्या गाद्यांना चामड्याचे अभ्रे शिवायची. एकोणीसशे चाळीसच्या ऑक्टोबरात तिचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात सरकारने खरेदी कर नावाचं बाळ जन्माला घातलं. लढाई चालू आहे, म्हणाले, तेव्हा लोकांनी चैनीच्या वस्तू घेऊ नयेत; घेतल्याच तर वर दंड भरावा. चैनीच्या वस्तू म्हणजे फरचे कोट, अत्तरं, दागिने आणि मोटारी. लग्नाच्या जेवणात, म्हणजे शिधापत्रिकेवरच्या मटणाचा एकेक तुकडा आणि पुठ्ठ्याचा खोटा केक, क्लेमंट सगळ्यांसमोर म्हणाला होता, "लढाई संपली की कर जाईल. मग हिला मोटार घेतो. हिने शिवलेल्याच गादीवर हिला बसवतो, खिडकीशी."

तो तेव्हा खरंच मनापासून बोलला असावा. माणसं तरुणपणी बोलतात.

पुढच्याच महिन्यात बॉम्ब पडले. त्या लढाईत घरं गेली, माणसं गेली, कॅथेड्रलचं छप्पर गेलं. कराला मात्र साधा ओरखडाही आला नाही. शांतता आली तेव्हा तो तिथेच होता आणि चांगला बाळसं धरत होता. एक तृतीयांश होता तो कधी दोन तृतीयांश झाला. म्हणजे तीन पौंडांची मोटार घ्या आणि वर दोन पौंड सरकारच्या हातावर ठेवा. त्रेपन्न साली तो निम्म्यावर उतरला. विनिफ्रेडच्या पोस्टाच्या पुस्तकात तोवर बरेच पैसे साठले होते. ती म्हणाली, "आता घेऊ."

"थांब," क्लेमंट म्हणाला. "उतरायला लागलाय. अजून उतरेल."

दोन वर्षं दर अर्थसंकल्पाला तो रेडिओला कान लावून बसला. पंचावन्नच्या शरदात, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, मंत्रिमहोदयांनी आणखी एक अर्थसंकल्प मांडला आणि कर साठ टक्क्यांवर नेऊन ठेवला. क्लेमंटने रेडिओ बंद केला आणि रेडिओचाच काही अपराध असल्यासारखा त्याच्याकडे पाहत राहिला.

त्यानंतर त्याला अक्कल सुचली. अशा माणसांना अक्कल सुचते तेव्हा घरच्यांनी सांभाळून असावं.

मालाच्या व्हॅनला खरेदी कर नव्हता. व्हॅन म्हणजे धंद्याची वस्तू, नांगरासारखी. इंजिन तेच, चाकं तीच, नाकही मोटारीचंच. फक्त ड्रायव्हरच्या मागे दोन्ही बाजूंना काचेऐवजी पत्रा. त्या पत्र्यात खिडकी पाडली किंवा मागे आसन ठोकून बसवलं, की तीच वस्तू कायद्याने चैनीची मोटार होणार आणि साठ टक्के भरावे लागणार. ब्रिटनच्या सगळ्या हुशार माणसांनी मिळून ठरवलं होतं की माणसाला बाहेरचं दिसलं की ती चैन. यांच्या खापरपणजोबांनी घरांच्या खिडक्यांवर कर बसवला होता. लोकांनी तेव्हा खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. जुन्या रस्त्यांवर त्या आंधळ्या खिडक्या अजून दिसतात. एवढ्या वर्षांत राज्यकर्ते काही शिकले नाहीत, आणि करदातेही नाहीत.

क्लेमंटने व्हॅन घेतली. करड्या रंगाची. पैसे निम्म्याहून जास्त विनिफ्रेडचे, नोंदणीपुस्तकावर नाव क्लेमंटचं. कोपऱ्यावरच्या पबमध्ये त्याने त्या दिवशी बर्टला आणि बाकीच्या दोस्तांना बिअर पाजली.

"एक पेनी दिली नाही त्यांना," तो म्हणाला. "एक पेनी! आणि देणारही नाही. माझी सही कराच्या कागदावर दिसली तर माझं नाव बदला."

दोन वर्षं तो हे वाक्य दर शुक्रवारी म्हणत होता. त्याच्या आयुष्यातलं एकमेव शौर्य ते. लढाईत तो कारखान्यातच होता, त्यामुळे सांगायला दुसरं काही नव्हतं.

आता, व्हॅनला पुढे दोन आसनं असतात. एकावर क्लेमंट. दुसऱ्यावर विनिफ्रेडने बसावं असं कुणालाही वाटेल. पण घरात क्लेमंटच्या मातोश्री होत्या, ऑगस्टा हॅडली. एक्कावन्न साली दोन आठवड्यांसाठी म्हणून आल्या, त्या आयत्या बिळावरच्या नागोबासारख्या तिथेच वेटोळं घालून बसल्या. व्हॅन दारात आली त्या दिवशी बाई हॅट घालून बाहेर आल्या, पुढचं दार उघडलं, बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांना मागे चढवायचं नाही, विनिफ्रेड. तू काय, तरुण आहेस."

विनिफ्रेड तेव्हा अडतीस वर्षांची होती.

तेव्हापासून ती मागे. लाकडी खुर्ची, तीही सुटी, कारण स्क्रूने बसवली तर आसन झालं असतं. ब्रेक लागला की खुर्ची पुढे सरकायची, चढ आला की मागे. मागच्या दारांना पावाच्या तुकड्याएवढ्या दोन काचा होत्या. त्यांतून गेलेली झाडं आणि गेलेली गावं दिसत, तीही सासूबाईंची घडीची खुर्ची आणि घोंगडी त्यांच्यासमोर रचलेली नसेल तर. दोन वर्षांत विनिफ्रेडने अर्धं इंग्लंड पाठमोरं पाहिलं. ती फार बोलायची नाही. उद्या परवा कर उतरेल, मग खरी मोटार येईल, असं तिलाही आतून वाटत असणार. सोळा-सतरा वर्षं एकाच आशेवर काढली की आशा सुटत नाही, तिची सवय होते.

अठ्ठावन्नच्या एप्रिलात ते इव्हशमला बहर पाहायला गेले. आलुबुखारच्या बागा पांढऱ्याशुभ्र फुलतात तेव्हा सगळं मिडलंड्स तिकडे लोटतं. स्ट्रॅटफर्ड ओलांडलं आणि पुढून आवाज यायला लागला.

"अगंबाई! क्लेमंट, हळू चालव. बघ, बघ तो उतार! दूध सांडल्यासारखा!"

"दिसतंय, आई."

"आणि ते झाड! विनिफ्रेड, ऐकतेस ना? उजवीकडे सगळं पांढरं आहे. आता डावीकडे. आता पुन्हा उजवीकडे."

विनिफ्रेड अंधारात खुर्ची धरून बसली होती. मांडीवर चहाचा थर्मास आणि अंड्याच्या सँडविचचा डबा. तिने घोंगडी बाजूला सारून मागच्या काचेला डोळा लावला. काचेवर चिखल होता.

"क्लेम, जरा थांबव ना. मी उतरून बघते."

"इथे कुठे थांबवू? मागे बघ किती गाड्या आहेत. परतताना थांबू."

"परतताना ऊन तोंडावर येतं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मला सहाच्या आत घरी जायचंय. विनिफ्रेड, तुला सगळं सांगतेय ना मी? मग झालं. चहा दे."

विनिफ्रेडने पुढच्या आसनांमधल्या फटीतून चहाचा कप पुढे केला. दोन्ही डोकी तिच्याकडे पाठ करून होती. सासूबाईंच्या हॅटवर कापडी चेरींचा घोस होता. त्या दिवशीच्या बहरातलं तिला जवळून दिसलं ते तेवढंच.

सोमवारी शिवणखात्यात तिच्या शेजारच्या मशीनवरच्या डिलिस बेव्हनने विचारलं, "काय गं, कसा होता बहर?" डिलिस वेल्सची, जिभेला हाड नसलेली, पण मनाची मोकळी.

"पांढरा होता म्हणे."

"म्हणे?"

विनिफ्रेडने सांगितलं. डिलिसने मशीन थांबवलं. "दिवसाला बारा गाद्या शिवतेस तू. बारा! दोन वर्षांत किती बुडं बसली असतील तुझ्या शिवणीवर, आणि तू स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर? अगं, खाटीकसुद्धा मेंढरांना फटी असलेल्या गाडीतून नेतो."

"खिडकी पाडली तर साठ टक्के भरावे लागतात."

"मग भर की. तुझे पैसे नाहीत?"

"आहेत थोडे. क्लेम नाही भरणार. त्याने पबमध्ये शपथ घेतलीय."

"पबमध्ये घेतलेल्या शपथा पबमध्येच राहू द्याव्यात," डिलिस म्हणाली. "माझ्या भावाच्या भंगारवाड्यात कॅरॅव्हॅनची एक खिडकी पडलीय. रबरासकट. सरकती काच. बघायची का, सांग."

विनिफ्रेडने चामड्याच्या एका तुकड्याची शिवण पूर्ण केली, दोरा तोडला आणि म्हणाली, "शनिवारी."

शनिवारी सिटीची, म्हणजे गावच्या फुटबॉल संघाची, मॅच होती, त्यामुळे क्लेमंट दुपारी बाहेर. सासूबाई चर्चच्या दालनात पत्ते खेळायला. अडीच वाजता डिलिस खिडकी काखेत घेऊन आली, सोबत भावाची ड्रिल आणि पत्रा कापायच्या कात्र्या. विनिफ्रेडने आदल्या दिवशीच वर्तमानपत्राचा नमुना कापून ठेवला होता. अंगावर कापड बेतावं तसा तिने तो व्हॅनच्या डाव्या बाजूला लावला, चार टाचण्यांऐवजी चार चिकटपट्ट्या लावल्या आणि शिंप्याच्या खडूने रेघ मारली. खुर्चीवर बसल्यावर डोळे जिथे येतील तिथे, बरोबर.

"झालं का?" डिलिसने विचारलं.

"नाही. जरा पेन्सिल दे, कोपरा गोल करते. गोल कोपरा फाटत नाही."

पत्रा कापताना असा आवाज झाला की समोरच्या घराचे पडदे हलले. कुणी बाहेर मात्र आलं नाही. त्या गल्लीत लोक पडद्याआडूनच शेजारधर्म पाळायचे. कापलेला करडा तुकडा खाली पडला आणि व्हॅनच्या आत उजेड पडला. विनिफ्रेड आत जाऊन खुर्चीवर बसली. कोळशाची खोली, वाळत घातलेले टॉवेल, शेजाऱ्यांचं मांजर. ती पाच मिनिटं बघत बसली होती.

"बाई, रबर लावायचंय अजून," डिलिस म्हणाली.

पावणेपाचला क्लेमंट आला. सिटी हरली होती, त्यामुळे त्याचा चेहरा आधीच उतरलेला. व्हॅनपाशी आला आणि थांबला. रंग उडालेल्या तोंडाने त्याने आधी गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. खिडकीकडे नंतर.

"हे काय केलंस तू?"

"खिडकी बसवली."

"खिडकी बसवली! कळतंय का तुला, आपण आता गुन्हेगार आहोत! हा दोन वर्षांचा... हा सरळसरळ... अगं, तुरुंग होईल!"

"कर भरला की नाही होणार. मी भरते."

"भरतेस? कुणाच्या गाडीचा? माझ्या गाडीचा? बर्ट आणि सगळे काय म्हणतील?" तो बोलता बोलता कोळशाच्या खोलीत शिरला आणि ताडपत्री घेऊन आला. "सोमवारी पत्रा आणतो. रिबिटं मारून बंद करतो. कुणी पाहिलं नसेल अजून."

"तू पत्रा मार," विनिफ्रेड म्हणाली. "मी पुढच्या शनिवारी उजवीकडे पाडते. नमुना जपून ठेवलाय."

तिचा आवाज चढलेला नव्हता. क्लेमंटने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या पत्र्याच्या कात्रीकडे. त्याने ताडपत्री खिडकीवर ओढली.

व्हॅन तीन आठवडे ताडपत्रीखाली उभी राहिली. कायदा मोडायची हिंमत नाही, पाळायची दानत नाही, असा माणूस दुसरं काय करणार? तो बसने कामाला जाऊ लागला. पबात म्हणाला, इंजिनाची तक्रार आहे. पहिला रविवार घरात गेला, दुसराही. तिसऱ्या रविवारी सासूबाई हॅट घालून दिवाणखान्यात बसल्या आणि जेवण होईपर्यंत ती काढली नाही.

"क्लेमंट, मला घरात कोंडून घातलंय का?"

"हिला विचार, आई."

"मी सुनेला काही विचारत नाही. मी मुलाला विचारतेय."

विनिफ्रेडने भाजलेले बटाटे वाढले. सोमवारी तिने अर्धा दिवस रजा काढली आणि कराच्या कचेरीत गेली.

तिथला अधिकारी, मिस्टर पेटिफर, उंच, सुकलेला, बाहीला शाईचे डाग. त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसला.

"मिसेस हॅडली, आपण कर भरायला आला आहात? आपण होऊन?"

"हो."

"आम्हाला कुणी कळवलेलं नाही. कुणी तक्रार केलेली नाही."

"मी कळवतेय ना. खिडकी मी पाडली."

चोर पकडायची त्याला सवय होती. दारात येऊन हिशेब विचारणारी बाई त्याने पाहिली नव्हती. त्याने तीन कपाटं उघडली, चौथ्यात फॉर्म सापडला. "पाहणी करावी लागेल," तो म्हणाला, आणि एवढं म्हटल्यावर त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

शनिवारी सकाळी तो सायकलवरून आला. क्लेमंटने ताडपत्री काढली, तीही एखाद्या प्रेतावरून काढावी तशी. मिस्टर पेटिफरने टेपने खिडकी मोजली, उंची, रुंदी, ड्रायव्हरच्या आसनापासूनचं अंतर. मग आत शिरून खुर्ची हलवून पाहिली.

"खुर्ची सुटी आहे," त्याने वहीत लिहिलं. "खिडकी एकच. पण एक असो वा सहा, कायद्याच्या दृष्टीने फरक नाही. काच सरकते?"

"सरकते," विनिफ्रेड म्हणाली.

"ती सरकली नाही तरी चाललं असतं. म्हणजे, कर लागलाच असता." त्याने वापरून झिजलेल्या दरपुस्तकात पाहून व्हॅनची आजची किंमत धरली, साठ टक्के काढले आणि आकडा लिहिला. एकशे अठरा पौंड, सात शिलिंग. सासूबाईंनी दारातून "हा देश आता राहण्यासारखा राहिला नाही" असं म्हटलं. बाई आयुष्यात एकदाही देशाबाहेर गेल्या नव्हत्या.

"इथे मालकाची सही," मिस्टर पेटिफर म्हणाला आणि फॉर्म क्लेमंटपुढे धरला.

क्लेमंटने हात पाठीमागे घेतले. "मी नाही करणार."

"पैसे मी देतेय, क्लेम. तू फक्त सही कर."

"पैशांचा प्रश्न नाही! कराच्या कागदावर माझी सही नाही म्हणजे नाही. तत्त्वाची गोष्ट आहे."

"मिस्टर हॅडली, सही केली नाहीत तर प्रकरण न्यायालयात जाईल. वर्तमानपत्रात नाव येतं."

क्लेमंटचा चेहरा दोन्हीकडून दाबल्यासारखा झाला. एका बाजूला न्यायालय, दुसऱ्या बाजूला बर्ट आणि शुक्रवारची बिअर. तो आवारात इकडून तिकडे गेला, परत आला. आणि मग त्याला पुन्हा अक्कल सुचली.

"गाडी हिच्या नावावर केली तर?" तो म्हणाला. "तिने पाडलीय खिडकी, तिनेच भरावा कर. तिचीच सही. माझा काही संबंध नाही, माझं नाव कुठे येणार नाही. चालेल?"

मिस्टर पेटिफरने थोडा विचार केला. "नोंदणीपुस्तकावर मालकी बदलली, तर सही अर्थातच नव्या मालकाची. हरकत काहीच नाही."

विनिफ्रेड स्वयंपाकघरात गेली ती नोंदणीपुस्तक आणि पेन घेऊनच आली. बरणीमागच्या ज्या डब्यात ते असायचं तो तिने शोधलाही नाही. हात थेट तिथेच गेला. क्लेमंटने उभ्याउभ्याच, व्हॅनच्या बॉनेटवर टेकवून, सही केली. आपण केवढी बाजी मारली अशा नजरेने त्याने आईकडे पाहिलं. मातोश्रींना मुलापेक्षा थोडं जास्त समजत असावं, कारण त्या म्हणाल्या, "क्लेमंट, गाढवा," आणि आत निघून गेल्या.

मग विनिफ्रेडने कराच्या फॉर्मवर मालकाच्या जागी सही केली. अक्षर शिवणीसारखं, सरळ. सोमवारी पोस्टातून पैसे काढून भरले आणि पावती घेतली. पोस्टाच्या पुस्तकात चार पौंड उरले.

पुढच्याच वर्षी कर पन्नासावर आला. बासष्ट सालच्या वसंतात पंचेचाळीसवर, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका दुपारी मंत्र्याने उठून तो पंचवीसवर आणला. आदल्या दिवशी मोटार घेतलेले लोक ऊर बडवत बसले. मग पुन्हा चढला, पुन्हा उतरला. प्रत्येक मंत्र्याला वाटायचं की देशाचं इंजिन त्या एका खुंटीने चालू-बंद करता येतं. कारखान्यात कधी जादा पाळ्या, कधी घरी बसा. त्र्याहत्तर साली खरेदी कर रद्द केला असं वाजतगाजत सांगितलं आणि त्याच दिवसापासून नव्या मोटारीवर दुसऱ्या नावांनी दोन कर लावले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. थांबली असती तर विनिफ्रेडचे किती पौंड वाचले असते, हे क्लेमंट तिला दर बदलाला मांडून दाखवायचा. ती ऐकून घ्यायची. थांबण्याचं गणित तिला त्याच्यापेक्षा चांगलं येत होतं.

पण ते पुढचं. कर भरल्यानंतरच्या पहिल्या रविवारी, मे महिन्यात, ताडपत्री कायमची निघाली. साडेअकराला सासूबाई चेरीची हॅट घालून बाहेर आल्या आणि पुढच्या दाराच्या मुठीला हात घातला.

"तिथे नाही, आई," विनिफ्रेड म्हणाली. ती ड्रायव्हरच्या जागी बसली होती. गाडीला पुढे-मागे शिकाऊ चालकाच्या लाल अक्षराच्या पाट्या बांधल्या होत्या. परवाना तिने आठवड्यातच काढला होता. "क्लेमला बसायचंय तिथे."

"क्लेमंट बसेल मागे."

"नाही बसता येत. शिकाऊ माणसाशेजारी परवानावाला लागतो. कायदा आहे."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. क्लेमंट बुटांकडे पाहत म्हणाला, "आहे खरा तसा कायदा."

"आणि माझे गुडघे?"

"डिलिसच्या भावाने पायरीसाठी खोकं दिलंय," विनिफ्रेड म्हणाली. "आणि खुर्चीवर मी उशी ठेवलीय. तुम्हाला खिडकी आहे, आई. मला नव्हती."

बाई चढल्या. दोघांनी ढकलून चढवलं असं म्हणणं जास्त खरं. दार लागलं. विनिफ्रेडने क्लच सोडला, गाडीने दोन उड्या मारल्या आणि निघाली. क्लेमंटने एका हाताने डॅशबोर्ड धरला, दुसऱ्याने हॅट कपाळावर ओढली.

"पबकडून नको, विनी. मागच्या गल्लीने घे."

"मला डावीकडेच वळता येतं अजून," विनिफ्रेड म्हणाली.

डावीकडे पब होता. बाराला उघडायचा, म्हणून बर्ट आणि आणखी सहाजण फुटपाथवर उभे होते. बरोबर त्यांच्यासमोर विनिफ्रेडचा पाय चुकला आणि इंजिन बंद पडलं. मागून सासूबाईंची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि सरकत्या काचेतून हॅटसकट डोकं बाहेर आलं.

"अरे वा!" बर्ट ओरडला. "खिडकी! आणि खिडकीत महाराणी! काय रे क्लेम, भरलास वाटतं कर? साठ टक्के? शपथेचं काय झालं?"

सगळे हसले. एकाने टोपी काढून सासूबाईंना मुजरा केला.

"मी नाही भरला!" क्लेमंट काच खाली करून ओरडला. त्याचे कान लाल झाले होते. "एक पेनी नाही भरली मी! तिने भरलाय!"

"तुझ्या गाडीचा कर तिने कसा भरला?"

"माझी गाडी नाही ही!" क्लेमंट सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाला. "तिची आहे! कागदोपत्री तिची आहे! विचारा हवं तर!"

हसू थांबलं. फुटपाथवरचे सातही जण विनिफ्रेडकडे बघायला लागले. त्यांतल्या तिघांच्या बायका त्या क्षणी कुठल्यातरी व्हॅनच्या मागच्या भागात अंधारात बसून कुठेतरी जाण्याची वाट पाहत होत्या.

विनिफ्रेडने किल्ली फिरवली. इंजिन लागलं. तिने आरशात मागचा रस्ता नीट पाहून घेतला, हात बाहेर काढून इशारा केला आणि गाडी पुढे काढली.